भामिनीचा बांधा

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात स्त्रीभूमिका गाजवणारे गायक-नट नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांची दोन भव्य तैलचित्रे आहेत, गोपाळ देऊसकरांच्या हातची. एकात ते पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेषात. बालगंधर्वांच्या त्या वेषाविषयी मराठीत अमाप लिहिले गेले: नथ, गजरा, शालू, पदर सावरण्याची लकब. बांध्याविषयी मात्र फार थोडे. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले, ‘स्वयंवर’ १९१६ साली. त्या सुमाराची त्यांची छायाचित्रे पाहिली तर गोल चेहरा, भरलेले दंड, रुंद कंबर असा हा देह आहे. आजच्या पुण्यात लग्नाच्या मुलीचा बांधा असा असेल तर स्थळ सुचवणाऱ्या काकू आवाज एक पट्टी उतरवून ‘मुलगी सोन्यासारखी आहे, फक्त अंगाने थोडी…’ एवढेच म्हणतात आणि वाक्य अर्धे सोडतात. त्या काळच्या पुण्याने याच बांध्याला रूपाची परिसीमा मानले होते. स्थूल स्त्री आवडणे ही आज खासगीत कबूल करण्याची, थोडी विचित्र समजली जाणारी आवड झाली आहे. माझे म्हणणे असे की या शहराच्या ज्ञात इतिहासाचा बहुतेक काळ ती आवड चारचौघांची होती. सडपातळपणाचा आग्रह इथे उशिरा आला, आणि तो पुरुषांची मने पालटली म्हणून आला असे दाखवता येत नाही. कॅमेरा, नेसण, कॉलेज आणि लग्नाची जाहिरात या वाटांनी तो आला. आधी बदलले ते उघडपणे काय बोलता येते ते. आवड किती बदलली हा पुढचा आणि अवघड प्रश्न.

पुरावा रंगभूमीपासून घ्यायला हवा, कारण घरंदाज बाईच्या देहाविषयी त्या काळी छापील शब्दांत बोलायची सोय नव्हती. रंगमंचावरच्या बाईविषयी होती. १८९८ साली टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलेला मुलगा १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला, १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्याने गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे महाराष्ट्रातल्या बाईने कसे दिसावे हे या पुरुषाने ठरवले. सुखवस्तू घरांतल्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या. ‘मानापमान’मधली धनवानाची लेक भामिनी किंवा ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी भरल्या अंगाची असणे कथेला साजेसेच होते. खरी कसोटी १९१९ च्या ‘एकच प्याला’ची. गडकऱ्यांची सिंधू दारुड्या नवऱ्यापायी अन्नाला मोताद झालेली, दळण दळून पोट भरणारी बाई. कथेच्या हिशेबाने तिची हाडे दिसायला हवीत. तिची भूमिका केली ती तिशी ओलांडलेल्या, अंगाने चांगल्या भरलेल्या बालगंधर्वांनी, आणि प्रेक्षक ढसाढसा रडले. रंगभूमीवर सगळेच मानून घ्यायचे असते हे खरे. तरी प्रेक्षक काय मानून घेतात यालाही मर्यादा असते, आणि उपाशी नायिका धष्टपुष्ट असणे त्या मर्यादेत बसत होते. नायिका म्हटली की बांधा असाच, ही समजूत इतकी पक्की होती की कथेतली उपासमारही तिला धक्का देऊ शकली नाही. पुण्या-मुंबईचे हे खूळ जगावेगळे होते असेही नाही. त्याच्या थोडे आधी न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीवर लिलियन रसेल ही गायिका अमेरिकेतली सर्वांत सुंदर स्त्री म्हणून गाजली. तिचे वजन एका टप्प्यावर दोनशे पौंडांच्या, म्हणजे नव्वद किलोंच्या आसपास होते, आणि ते तिच्या कीर्तीच्या आड आले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बालगंधर्व पुरुष होते. पुरुषाने उभी केलेली बाई, तीही दिव्यांच्या उजेडात, लांबून पाहिलेली. तिच्यावरून खऱ्या बाईविषयीची आवड कशी काढायची? शिवाय माइक नसताना रात्रभर पदे म्हणायची तर गवयाची छाती हवी, आणि मागच्या रांगेतून दिसायचे तर देह ठसठशीत हवा. मग हा बांधा सौंदर्याचा कशाला, धंद्याच्या गरजेचा म्हणावा. गरज होती, हे मान्य. पण ती साऱ्याच नटांना होती. त्या काळी बहुतेक नाटक मंडळ्यांत स्त्रीपार्टी मुलगे होते, त्यांत किडकिडीत अंगाचेही होते, आणि लुगड्यात ते अधिक ‘मुलीसारखे’ दिसत असणार. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ते मात्र या भरल्या देहाला. आणि आवाजाच्या गरजेने गायकीचे उत्तर मिळते, अनुकरणाचे मिळत नाही. प्रेक्षागृहातल्या बायकांना मागच्या रांगेपर्यंत सूर पोहोचवायचा नव्हता. रंगमंचावरच्या त्या रूपात त्यांना आपले, किंवा आपल्याला हवेसे वाटणारे रूप दिसले म्हणूनच त्या तशी वेशभूषा करू लागल्या. कृश आदर्श समोर ठेवून रुंद कंबरेच्या नटाची नेसण कोणी उचलत नाही.

हे रूप हवेसे का वाटे, याचे कारण रंगमंदिराच्या बाहेर होते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनने पाहिला. १८७७ मध्ये ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमवर आणले. त्याविरुद्ध मजुरांनी काम सोडले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. वीस वर्षांत पुन्हा दुष्काळ, सोबत १८९६-९७ चा प्लेग, पुढे १९१८ चा इन्फ्लुएंझा. या सगळ्याच्या आत, आवाज न करता, क्षय. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. ज्या शहरात बारीक होत जाणारी मुलगी म्हणजे क्षयाची पहिली शंका, तिथे ‘खात्यापित्या घरची’ दिसणे हा नुसता ऐपतीचा दाखला नव्हता. ती जगेल, तिची मुले जगतील, याची ती खूण होती. आणि खुणेची उलट बाजू तर समाजाने नियमच करून ठेवली होती. पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय विधवेची दिनचर्या मांडली आहे: चोवीस तासांत एकदाच जेवण, वर उपास, केशवपन, दागिने नाहीत. विधवेच्या शरीरातून स्त्रीत्व काढून घ्यायचे तर केसांबरोबर मांसही काढून घ्यावे, असा हा हिशेब. सवाष्णीला डोहाळजेवण, मंगळागौर, ओटी, विधवेला एकभुक्त. दुसऱ्या कुठल्याही पुराव्यापेक्षा हा मला मोलाचा वाटतो, कारण इथे आवडीनिवडीविषयी कोणी काही बोलत नाही, आणि तरीही कोणते शरीर पुरुषाला ओढून घेते असे समाज मानत होता ते लख्ख कळते. ज्या देहाने वासना जागी होऊ नये अशी व्यवस्था करायची, तो देह त्यांनी उपाशी ठेवला.

यावर कोणी म्हणेल की ही टंचाईच्या काळातली मानसिकता झाली. हिच्यात प्रेम कुठे, आकर्षण कुठे? पोट रिकामे असले की माणूस भरल्या पोटाला सुंदर म्हणतो, एवढेच. हा आक्षेप आकर्षणाला आकाशातून पडलेली वस्तू समजतो. आजचे सडपातळपणाचे आकर्षणही ऐपतीतूनच आलेले आहे. स्वस्त साखर-तेलाच्या काळात बारीक राहायला वेळ, पैसा आणि जिमचे सभासदत्व लागते. एकाला टंचाईची मानसिकता म्हणायचे आणि दुसऱ्याला अभिरुची, हा न्याय नव्हे. शिवाय टंचाईचा सिद्धांत जुन्या शिल्पांना पुरा पडत नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोरलेली दंपतीशिल्पे आहेत. हे लेणे ज्यांच्या दानातून उभे राहिले त्यांत चांगले सधन व्यापारी होते. पुरुष-स्त्री जोडीने उभी आहेत, एकमेकांच्या अंगावर हात टाकून, आणि त्या बायकांच्या मांड्या, नितंब, स्तन यांत आजच्या मासिकातल्या दोन मॉडेल बसतील. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती याच घडणीची. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात निघाली, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने ते शहर गाडण्याआधी ती तिथे पोहोचली होती. भरल्या नितंबांची बाई हा आपल्या किनाऱ्यावरून रोमन जगापर्यंत जाणारा माल होता, असे म्हणायला हरकत नाही.

पण इथे मला माझ्याच बाजूला थोडे आवरायला हवे. कार्ल्याच्या बाया जाड्या नाहीत. त्यांची कंबर नितंबांच्या मानाने बारीक आहे. संस्कृत काव्यात तन्वंगी आहेच, आणि कालिदासाने ‘मेघदूता’तल्या यक्षपत्नीला एकाच दमात सडपातळही म्हटले आहे आणि नितंबांच्या भाराने मंद चालणारीही. पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्यांतून सिंहकटी आणि भरगच्च ऊर हातात हात घालून फिरतात. मस्तानीची दंतकथा तर उघडच नाजूकपणाची आहे: पान खाल्ले की लाल रस गळ्यातून उतरताना दिसे म्हणतात. (पुण्याने पुढे तिचे नाव दिले ते दुधात आइस्क्रीम घालून केलेल्या, चमचा उभा राहील इतक्या दाट पेयाला. इतिहासाने एवढी मस्करी करून घेतली तर चालते.) म्हणजे आदर्श एकच होता असे नाही. दोन होते आणि एकमेकांत मिसळलेले होते. पण एवढे धरून चालता येईल की जुना कवी किंवा शिल्पी ज्या बारीकपणाचे कौतुक करतो तो कंबरेपुरता आहे. बाकीचे शरीर भरलेले असावे, हालताना जाणवावे, याविषयी शंका दिसत नाही. डोक्यापासून पायापर्यंत सरळ रेघेसारख्या देहाला सुंदर म्हणणारी जुनी मराठी लावणी शोधून काढणे जड जाईल. वजन किती हा प्रश्न जुन्या लोकांना नव्हताच. ते वजन कुठे आहे एवढेच ते पाहत.

आता लग्नाकडे. बालगंधर्वांची नाटके पाहणारा पुणेकर मध्यमवर्गीय घरी परतल्यावर बायकोचा बांधा निवडलेला असे का? बहुधा नसे, आणि या विषयावर बोलताना हीच गोष्ट नेहमी निसटते. न्यायमूर्ती रानडे यांचे दुसरे लग्न १८७३ मध्ये झाले तेव्हा ते एकतीस वर्षांचे आणि रमाबाई अकरा वर्षांच्या. लग्न ठरवले वडिलांनी, सुधारक मुलाच्या मनाविरुद्ध. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये पुणे पेटले ते वय दहावरून बारावर न्यायचे म्हणून. देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने १८९९ मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याची चीड आणली, पण मुलीने किंवा नवऱ्याने देह पाहून पसंती द्यावी हा मुद्दा तिथेही नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीला बांधाच नसतो. तिची पत्रिका, गोत्र, रंग, हुंडा पाहायचा. ती मोठी होऊन कशी होईल ते दैवाधीन. त्यामुळे प्रौढ स्त्रीदेहाविषयीची पुरुषाची आवड लग्नाच्या बाहेर, नाटकात, लावणीत, चित्रात राहिली, आणि तिथे ती मोकळी होती, कारण तिच्यावर कुणाचे लग्न अडत नव्हते. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा झाले. कायदा फारसा पाळला गेला नाही. पण शहरी ब्राह्मण आणि सुशिक्षित घरांत मुलींचे लग्नाचे वय त्याच्याआधीच शाळा-कॉलेजमुळे वर सरकू लागले होते. कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ चे. आता अठरा-वीस वर्षांची मुलगी, वाढ पूर्ण झालेली, पाटावर बसून दाखवली जाऊ लागली. कांदेपोह्यांची बशी मधे ठेवून देह पाहण्याची ही रीत आपण परंपरा म्हणून मिरवतो वा शिव्या देतो, पण ती फार जुनी नाही. बांधा हा लग्नाच्या बाजारातला मुद्दा झाला तो इथून पुढे, आणि नेमका तेव्हाच आदर्श बदलत होता.

बदलला कोणी? पहिले नाव कॅमेऱ्याचे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’मध्ये १९३२ ला दिसल्या होत्या, शांता आपटे १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये: उंच-शेलाटी एक, चणीने लहान आणि चपळ दुसरी. शांतारामांनी ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहनचा नुसता डोळा पडदाभर दाखवला. रंगमंचावर सगळा देह लांबून दिसे आणि भरलेला असला की शोभे. पडद्यावर चेहऱ्याचा कोन, मानेची रेघ, हनुवटीखालची वळी सगळे जवळून दिसू लागले, आणि माइकमुळे सूर मागे पोहोचवायला छाती लागेनाशी झाली. बालगंधर्वांचे तिथे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. प्रभातच्या १९३५ च्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची, पुरुषाची, भूमिका केली, १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त स्त्रीवेषात ते पडद्यावर आले आणि चित्रपट पडला. त्याला केवळ बांधा कारण नव्हता. ते पन्नाशीला टेकले होते, चित्रपट नाटकासारखाच घेतला होता, आणि खऱ्या बाईला पडद्यावर पाहिलेल्या प्रेक्षकाला बाई झालेला पुरुष पुरेनासा झाला होता. पण त्यांच्याबरोबर त्यांनी मान्य करवलेले रूपही मागे पडले. दुसरे नाव नेसणीचे. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, तिचा कासोटा भरल्या नितंबांवर बसतो, घोळ अंगाला भारदस्त करतो. बारीक बाई नऊवारीत हरवते. पाचवारी-सहावारी आली, खाली परकर आला, आणि कंबर हा सबंध वेषाचा मध्यबिंदू झाला. हा बदल चाळीस-पन्नासच्या दशकांत पुण्याच्या घरोघर झाला, सासूची नऊवारी आणि सुनेची सहावारी एकाच दोरीवर वाळू लागल्या. दोन पिढ्यांचे दोन आदर्श देहही तेव्हा एकाच स्वयंपाकघरात वावरत होते. तिसरे कॉलेज: फडक्यांच्या कादंबऱ्यांतली तरतरीत, चटपटीत नायिका ही सायकलवरून फर्ग्युसनला जाणाऱ्या मुलीची बहीण. चौथे वर्तमानपत्र. ‘सकाळ’ १९३२ ला निघाला. पुढच्या दशकांत मराठी दैनिकांतल्या वधू-वर जाहिरातींनी ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ हा साचा इतका घट्ट केला की तो विनोदाचा विषय झाला. शब्दाला पैसे मोजावे लागत, आणि त्यात ‘सडपातळ’ हा शब्द लोक विकत घेत होते. याच्याच जोडीला रेल्वे स्टेशनवरचे वजनाचे यंत्र: नाणे टाकले की तिकीट येई, वजनासोबत भविष्यही मिळे. देह प्रथमच आकडा झाला.

तर मग आवडही बदललीच की, असे कोणी म्हणेल. काही प्रमाणात बदलली असणारच. सतत जे पाहतो त्याला डोळा सरावतो. पण पुण्यातच असे प्रेक्षागृह होते जिथे हा नवा नियम चालत नव्हता. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये लागला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. या तमाशापटाच्या नायिका हंसा वाडकर तेव्हा पस्तिशी पार केलेल्या, अंगाने भरलेल्या. आर्यभूषणसारख्या तमाशा थिएटरांत आणि नारायणगावच्या फडांत नऊवारी कधी उतरली नाही, आणि नाचणारणीचा देह दमदार असावा ही अपेक्षाही गेली नाही. सदाशिव पेठेतला माणूस वधू-वर सदरात ‘सडपातळ’ लिहून संध्याकाळी विजयानंदला जाऊ शकत होता. हे ढोंग म्हणावे की दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगळी माणसे होणे, ते ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यातून एवढेच दिसते की लग्नाच्या जाहिरातीतला शब्द हा इच्छेचा विश्वासू साक्षीदार नाही. तो चारचौघांत शोभेल असे स्थळ मागतो. इथे आणखी एक आक्षेप मान्य करायला हवा, तो जातीवर्गाचा. भरलेल्या देहाचा आदर्श ज्यांना दोन वेळ पोटभर मिळत होते त्यांनी घडवला. शेतात राबणारी, विडी वळणारी बाई त्या आदर्शाच्या बाहेरच राहिली, आणि तमाशातल्या कोल्हाटी किंवा मांग समाजातल्या स्त्रीचा देह वाहवा घेत होता तेव्हाच तिला घरात घेण्याची कुणाची तयारी नव्हती. जुनी आवड आजच्यापेक्षा उदार होती असे मी म्हणत नाही. ती वेगळ्या बायकांना बाहेर ठेवत होती.

शेवटचा आक्षेप आरोग्याचा, आणि पुण्यात तो टाळता येत नाही, कारण त्याचे सर्वांत चोख उत्तर पुण्यातूनच आले आहे. लठ्ठपणाने मधुमेह, रक्तदाब, गुडघे. मग त्या देहाचे कौतुक म्हणजे रोगाचे कौतुक नव्हे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच दोन छायाचित्रे छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या गावांत सुरू झालेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात बाळे सरासरी २.७ किलोंची जन्मत होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. तरी आपल्या बारक्या बाळांत चरबी तितकी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. म्हणजे ज्या मुलीला स्थळ ‘छान सडपातळ’ म्हणून पसंत करते तिच्या पोटाच्या आत काय साठले आहे ते कांदेपोह्यांच्या बैठकीत दिसत नाही, आणि जिला ‘जाड’ म्हणून नाकारतात तिची साखर कदाचित उत्तम असते. वजनाचा आणि आजाराचा संबंध नाही असे याज्ञिक म्हणत नाहीत, मीही नाही. भारतीयांसाठी स्थूलपणाच्या मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली आणल्या गेल्या त्या अशाच संशोधनामुळे. पण डोळ्यांनी मापलेला बांधा हे आरोग्याचे माप नव्हे, हे त्यातून निश्चित होते. आणि आरोग्याच्या काळजीने बोलणारा माणूस रंग आणि उंचीविषयी त्याच आवाजात बोलत असेल तर त्याची काळजी तपासून घ्यावी.

या आवडीविषयी उघड बोलणे इतरत्र झाले आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये बिल फॅब्री नावाच्या इंजिनिअरने स्थूल माणसांची संघटना काढली. त्यामागे त्याची स्थूल पत्नी होती, आणि तिला जगाने दिलेल्या वागणुकीचा राग होता. अशी स्त्री आवडणारे पुरुष तिथे पुढे उघडपणे बोलू लागले, त्यावर स्त्रियांनी टीकाही केली: आमच्या वजनावर प्रेम करता की आमच्यावर? प्रश्न रास्त आहे, पण तो सडपातळ बायकांनाही विचारता येतो आणि कोणी विचारत नाही. मराठीत असे बोलणे अजून आलेले नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘वजनदार’ने २०१६ मध्ये वजन उतरवायच्या मागे लागलेल्या दोन तरुणी दाखवल्या आणि त्यासाठी सई ताम्हणकर, प्रिया बापट यांनी वजन वाढवले, बाईच्या बाजूने ही गोष्ट सांगितली गेली हे बरेच झाले. अशी बाई मनापासून आवडलेल्या पुरुषाची बाजू मात्र विनोदाच्या पलीकडे सहसा जात नाही. लग्न जुळवणाऱ्या काही संकेतस्थळांवर ‘बांधा’ या रकान्यात स्लिम, ॲव्हरेज, ॲथलेटिक, हेवी असे चार पर्याय असतात. त्यातला शेवटचा पर्याय अपेक्षा म्हणून निवडणारा पुण्याचा मुलगा असेल तर तो आईवडिलांना रकाना दाखवत नसावा. आणि त्याने तशी मुलगी पसंत केलीच तर नातेवाईक त्याच्या पसंतीवर विश्वास ठेवत नाहीत. ते कारण शोधतात. मुलगी नोकरीत वरच्या पदावर आहे का, एकुलती एक आहे का, कोथरूडचा फ्लॅट तिच्या नावावर आहे का, याची चौकशी सुरू होते.